फॉक्सप्रोतून बाहेर पडताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगाव जिल्ह्यातल्या एका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात दोन वर्षांपूर्वी सिस्टिम ॲडमिन म्हणून लागलेल्या एका ताईंनी विचारलंय: 'आमचं निकालाचं काम अजून फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालतं. आता ब्राउझरवर चालणारी नवी प्रणाली घेतलीय. व्हेंडर म्हणतो, डीबीएफ फायली (फॉक्सप्रोच्या डेटाच्या फायली) द्या, दोन महिन्यांत सगळं चढवून देतो. सेक्शनमधली जुनी मंडळी नको म्हणतात, साहेबांना पुढच्या सेमिस्टरपासून हवंय. सुरुवात कुठून करू आणि जपू कशाला?'

ताई, दोन महिन्यांत फायली चढतील, त्यात व्हेंडर खोटं बोलत नाही. पण चढलं ते बरोबर आहे का, हे कळायला परीक्षेचं एक अख्खं चक्र जावं लागतं. परीक्षा फॉर्मपासून रिव्हॅल्युएशन आणि सप्लिमेंटरीपर्यंत. मी सीमाभागातल्या परीक्षा विभागांत २६ वर्षं हेच काम केलं, तीन वेळा प्रणाली बदलताना आत होतो. तिन्ही वेळा फजिती झाली ती जुन्या डेटाचा अर्थ न कळल्यामुळे.

बदल करायचा का, यावर वेळ घालवू नका. व्हिज्युअल फॉक्सप्रोची नववी आवृत्ती २००४ ची, तीच शेवटची, आणि तिला मायक्रोसॉफ्टचा आधार जानेवारी २०१५ मध्ये संपला. तरी आपल्याकडे अजून चालतंय, कारण ते कुणाला त्रास देत नाही. लाइट गेली, आली, मशीन चालू केलं, लेजर, म्हणजे सगळ्यांच्या गुणांचं रजिस्टर, छापलं. या साधेपणाचाच आपल्याला नंतर चटका बसतो.

पहिला चटका मी खाल्लेला सांगतो. फॉक्सप्रोमध्ये रेकॉर्ड डिलीट केलं तरी ते फायलीतून जात नाही. प्रत्येक रेकॉर्डच्या पहिल्या जागेवर एक खूण असते: रेकॉर्ड जिवंत असेल तर रिकामी जागा, डिलीट केलेलं असेल तर फुली म्हणजे तारांकन. 'पॅक' कमांड देईपर्यंत ते तिथंच पडून राहतं, फक्त प्रोग्रॅम ते पडद्यावर दाखवत नाही. आमच्या व्हेंडरचं फाइल वाचणारं टूल ही खूण पाहतच नव्हतं. आम्ही एकूण रेकॉर्ड मोजली, दोन्हीकडे आकडा जुळला, चहा प्यालो. तो आकडा मुळात मेलेली रेकॉर्ड धरूनच जुळत होता. महिन्याभरानं नव्या प्रणालीनं हजेरी कमी असलेल्यांना आपोआप एसएमएस पाठवले, आणि दुसऱ्या दिवशी चंदगडकडचे एक काका मोबाइल हातात धरून काउंटरवर हजर. 'आमचं पोरगं लडाखात हाय सायेब, आन तुमी हितं ॲबसेंट लावालाय?' पोरगा तीन वर्षांपूर्वी ॲडमिशन कॅन्सल करून मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झालेला. आमच्या फायलीत फुली मारलेला, नव्या प्रणालीत परत वर्गात बसवलेला.

म्हणून मोजताना चार आकडे वेगळे काढा: एकूण, जिवंत, डिलीट केलेली, आणि एकाच रजिस्टर नंबरची दुबार. व्हेंडरकडूनही हेच चार लेखी घ्या. डिलीट केलेली सरसकट टाकूनही देऊ नका, कारण 'हा विद्यार्थी इथं कधी होता का' असं पत्र दहा वर्षांनी येतं. ती वेगळ्या टेबलात 'रद्द' शेऱ्यासह ठेवायची.

दुसरी गोष्ट गुणांच्या कॉलममधली. जुन्या प्रोग्रॅमला कॉलम कमी पडायचे, फील्डचं नावसुद्धा दहा अक्षरांच्या पुढं चालायचं नाही. त्यामुळे गैरहजर, मालप्रॅक्टिस, निकाल राखीव हे सगळं गुणांच्याच खान्यात ७७७, ८८८, ९९९ असे आकडे घालून भागवलेलं असतं. कोणता आकडा कशाचा, हे कुठं लिहिलेलं नसतं आणि मधेच कुणीतरी बदललेलंही असतं. आमच्याकडे ८८८ चा अर्थ एका ठरावीक वर्षापासून वेगळा होता आणि ते फक्त एका बाईंना माहीत होतं. त्या एफडीए, म्हणजे प्रथम दर्जा सहायक, होत्या, सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मातृभाषा कन्नड पण आमच्याशी अस्सल बेळगावी मराठीत बोलायच्या. त्यांच्या शेजारी खुर्ची टाकून मी आठ दिवस बसलो आणि शंभर पानी वही भरली. ती वही नसती तर गैरहजर पोरं ९९९ गुणांनी विद्यापीठात पहिली आली असती.

तुमच्या सेक्शनमधल्या अशा माणसाच्या रिटायरमेंटची तारीख एस्टॅब्लिशमेंटमधून विचारून घ्या. साहेबांनी दिलेल्या तारखेपेक्षा तुमच्या कामाला ती जास्त लागू आहे.

आणि जुनी मंडळी नको म्हणतात ते ऐकून घ्या. आपण लगेच 'यांना शिकायचं नाही' असा शिक्का मारतो. मीही मारला होता. मग एकदा अक्कांना गुण भरताना नीट पाहिलं. डाव्या हाताखाली लेजर, त्यावर लाकडी पट्टी, एक ओळ झाली की पट्टी खाली सरकणार. उजवा हात नंबर पॅडवर. नजर कागदावरून हलत नाही, पडद्याकडे बघायची गरजच नाही, कारण एंटर दाबलं की पुढचा विद्यार्थी. नव्या पडद्यावर दर विद्यार्थ्याला ड्रॉपडाउन, मग माउस, मग सेव्ह. अक्का म्हणाल्या, 'सर, ह्यात सारकी मान वर कराय लागतीय.' मान वर-खाली झाली की पट्टीवरची ओळ सुटते, ओळ सुटली की एकाचे गुण दुसऱ्याला जातात. त्यांची तक्रार पूर्ण बरोबर होती आणि आमच्या साठ पानी रिक्वायरमेंट डॉक्युमेंटमध्ये तिचा एक शब्द नव्हता. व्हेंडरकडून एंटरवर पुढं जाणारा, माउस न लागणारा पडदा करून घेतला. एकाच गठ्ठ्याचे गुण दोघांनी वेगवेगळे भरायचे आणि जिथं फरक येईल तिथंच मशीननं अडवायचं, हेही तेव्हाच घालून घेतलं. त्यानंतर अक्कांनीच बाकीच्यांना शिकवलं.

आता नावं. इथं मी जरा जास्त बोलणार आहे, कारण पुण्या-बेंगळूरचा व्हेंडर हे कधीच विचारात घेत नाही आणि आपल्या भागात निम्म्या तक्रारी इथूनच येतात.

आपल्याकडच्या एकाच पोराचं नाव तीन लिप्यांत असतं. मराठी शाळेच्या दाखल्यावर देवनागरी, एसएसएलसीच्या (कर्नाटकातल्या दहावीच्या) मार्क्स कार्डावर कन्नड आणि इंग्रजी, आधारवर परत ज्या राज्यात काढलं तिथली लिपी. चंदगड, गडहिंग्लजहून बेळगावात शिकायला येणाऱ्याची दहावी महाराष्ट्र बोर्डाची, त्यामुळे आडनाव आधी, मग नाव, मग बापाचं नाव. निपाणीच्या पोराचा क्रम वेगळा, कधी नुसती आद्याक्षरं. व्हेंडर म्हणतो, इंग्रजी नाव द्या, बाकीच्या दोन लिप्या सॉफ्टवेअर आपोआप करून देईल. इथं हात जोडून नाही म्हणा. इंग्रजीत ळ नाही, त्यामुळे कांबळे परत येताना 'कंबले' होतो. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे लिहितात, मराठीत तो फरक दाखवतच नाही, म्हणजे देवनागरीवरून कन्नड करताना मशीनला अंदाजच बांधावा लागतो. कन्नडवरून यांत्रिक पद्धतीनं इंग्रजी केलं की पाटीलच्या शेवटी जादा 'ए' लागून 'पाटिला' होतो. पाटलाच्या घरात पदवी लावायची तर ती 'पाटिला'च्या नावाची कशी चालेल?

तेव्हा प्रत्येक लिपीतलं नाव स्वतंत्र खान्यात, आणि त्याच्या शेजारी ते कोणत्या कागदावरून घेतलं हे लिहिलेलं. एका लिपीवरून दुसरी तयार करायचीच झाली तर ती 'कच्ची' म्हणून खूण करून ठेवा. विद्यार्थ्यानं स्वतः बघून सही केल्याशिवाय छापायची नाही. परीक्षा फॉर्म भरतानाच पडद्यावर तिन्ही नावं मोठ्या अक्षरांत दाखवली तर पोरं स्वतःच चुका पकडतात. आता अपार आयडी (विद्यार्थ्याचा देशभर एकच ओळख क्रमांक) आणि ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समुळे (त्याची क्रेडिट जमा होतात ते खातं) हे टाळताही येत नाही. आधारवरचं नाव आणि आपल्याकडचं नाव जुळलं नाही तर क्रेडिट पुढं सरकत नाहीत, आणि कांबळे इंग्रजीत 'बी'नंतर 'ए' घालून आणि न घालता असा दोन्ही तऱ्हांनी लिहितात.

जुन्या डेटातली मराठी-कन्नड नावं तर मुळात अक्षरं नाहीतच. ती नुडी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टचे कोड आहेत. फॉन्ट काढला की इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षर-चिन्हाला ठरलेला कोड देणाऱ्या आजच्या पद्धतीत, नेणारे कन्व्हर्टर मिळतात, पण कोणता कॉलम कोणत्या फॉन्टचा आणि कोणत्या आवृत्तीचा, हे आधी पक्कं करा. चुकीचा कन्व्हर्टर लावला तर कचराच येईल असं नाही. बऱ्याचदा दिसायला चांगलं पण वेगळंच नाव येतं, आणि ते जास्त वाईट. तपासायला चिठ्ठ्या टाकून शंभर नावं काढण्यापेक्षा सगळ्यांत लांब नावं आणि जोडाक्षरांची नावं निवडून काढा. चुका तिथंच दबा धरून असतात.

एक बारीक उदाहरण देतो. कुऱ्हाडे हे आडनाव. यातला अर्धा ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत वेगळं ऱ अक्षर आणि हलन्त; दुसरीत साधा र, हलन्त आणि त्यापुढं न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. शोधायला गेलात तर दोन वेगळी माणसं. पहिल्या रीतीत या आडनावाचे ८ कोड, दुसऱ्यात ९. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (सारखी रूपं एक करणारी प्रक्रिया) लावलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. आमच्याकडे एका मुलीची पाचव्या सेमिस्टरची मार्कं 'हरवली' होती, ती या न दिसणाऱ्या चिन्हामागं सापडली. तिचं नाव एकदा ऑफिसात टाइप झालेलं आणि एकदा तिनं मोबाइलवर भरलेलं.

त्यालाच लागून खान्याची लांबी. देवनागरीचा आणि कन्नडचाही प्रत्येक कोड यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) ३ बाइट खातो. ओरॅकल डेटाबेसमध्ये नावाचा खाना ३० चा केला आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो सहसा ३० बाइटचा होतो, म्हणजे देवनागरीचे फक्त १० कोड, त्यातही काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. नुसत्या 'बेळगाव'लाच १८ बाइट लागतात. खाने अक्षरांत मोजून मागा आणि ऐसपैस मागा.

गावांचं तेच. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर बेळगावचं बेळगावी झालं, विजापूरचं विजयपुरा, हुबळीचं हुब्बळ्ळी. आमच्या एका उत्साही माणसानं 'फाइंड अँड रिप्लेस' मारून सगळ्या जुन्या पत्त्यांत नवी नावं घातली. मग १९९८ च्या मार्क्स कार्डाची डुप्लिकेट काढली तर तिच्यावर तेव्हा अस्तित्वातच नसलेलं नाव. परदेशातल्या पडताळणीवाल्यांनी मूळ आणि नक्कल जुळत नाहीत म्हणून अडवलं. गावाला कोड द्या, आणि कोणतं नाव कोणत्या तारखेपासून हे वेगळ्या टेबलात ठेवा. आपल्या घरात, बोलण्यात आपण काय म्हणतो तो विषय निराळा. कागदावर त्या दिवशी जे होतं तेच छापायचं.

विद्यापीठही असंच बदलतं. बेळगावचं लिंगराज कॉलेज १९३३ चं. आधी मुंबई विद्यापीठ, मग १९४९ मध्ये स्थापन झालेलं धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ, २०१० पासून राणी चन्नम्मा. इंजिनिअरिंगवाल्यांचं १९९८ पासून विश्वेश्वरय्या. म्हणजे 'कॉलेज कोणत्या विद्यापीठाचं' या प्रश्नाला एक उत्तर नाही. विद्यापीठ कॉलेजच्या रेकॉर्डला चिकटवू नका, विद्यार्थ्याच्या नोंदणीला चिकटवा.

आरक्षणाच्या कोडबद्दल एकच सांगतो. मराठा समाज कर्नाटकात ३बी या मागास प्रवर्गात येतो, महाराष्ट्रातल्या याद्या पूर्ण वेगळ्या. सीमेपलीकडून आलेल्या विद्यार्थ्याच्या दाखल्यावरचा प्रवर्ग आपल्या कोडमध्ये 'ॲडजस्ट' करून भरलेला असतो. मूळ दाखल्यावरचा शब्द आणि आपण लावलेला कोड, दोन्ही ठेवा.

नियमांचं मात्र जपून. कर्नाटकात २०२१-२२ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे चार वर्षांची पदवी आली, २०२४-२५ पासून राज्यानं परत तीन वर्षांची केली. त्याआधीचे सीबीसीएसवाले (निवडीवर आधारित क्रेडिट पद्धतीचे) बॅकलॉग घेऊन अजून परीक्षेला बसतात. म्हणजे एकाच हॉलमध्ये तीन नियमावल्यांची पोरं. पास व्हायची अट, ग्रेस, राउंडिंग हे सगळं बॅचप्रमाणे ठेवावं लागतं. प्रोग्रॅममध्ये कोरून ठेवलं की दरवर्षी व्हेंडरच्या दारात जावं लागतं.

आणि जुना निकाल कधीही परत मोजू नका. नव्या प्रणालीनं आमच्या एका जुन्या बॅचचा निकाल स्वतःच्या राउंडिंगनं परत काढला आणि ३७ जणांचा क्लास बदलला. त्यातले काही तेव्हा सरकारी नोकरीत होते! नशिबानं ती चाचणी होती. जाहीर झालेला निकाल जसाच्या तसा उचलायचा, तारीख आणि नोटिफिकेशन नंबरासह. परत मोजणी फक्त पडताळ्यासाठी, वेगळ्या जागी. फरक आला तर आधी छापील लेजर उघडायचं. माझ्या अनुभवात दहातल्या सात वेळा लेजर बरोबर असतं, कारण त्यावर कुणीतरी लाल पेनानं दुरुस्ती करून सही केलेली असते आणि ती दुरुस्ती कॉम्प्युटरात चढलेलीच नसते.

डेटा इकडून तिकडं नेताना मधे एक्सेल येऊ देऊ नका. सीट नंबरातली सुरुवातीची शून्यं खातं. आणि नंबर १२ई०४५ असा असेल, मधलं अक्षर इंग्रजी ई, तर एक्सेलला वाटतं १२ वर ४५ शून्यं. सेव्ह केलं की मूळ नंबर गेला. द्यायचंच झालं तर सगळे कॉलम 'टेक्स्ट' म्हणून आयात करून.

बॅकअपचं सगळ्यांना पाठ असतं: तीन प्रती, दोन तऱ्हेच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या गावात. ऑगस्ट २०१९ च्या पुरात नदीकाठच्या एका कॉलेजात गेलो होतो. सर्व्हर तळमजल्यावर. बॅकअप रोज इमानदारीनं घेतलेला, वहीत सह्या. ती हार्ड डिस्क सर्व्हरच्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये. ड्रॉवर उघडला तर आधी गढूळ पाणी बाहेर आलं. दुसरं गाव म्हणजे दुसऱ्या नदीच्या खोऱ्यातलं गाव, एवढं आपल्या जिल्ह्यात धरून चाला. आणि सहा महिन्यांतून एकदा बॅकअपवरून रिकाम्या मशीनवर प्रणाली उभी करून एक जुनं मार्क्स कार्ड छापून बघा. छापलं तर तो बॅकअप.

कायद्याचं मोजकं. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, अंमल टप्प्याटप्प्यानं. पदवीवर आधार क्रमांक छापू नका असं यूजीसीनं २०२३ मध्येच कळवलंय. पण खरी गळती कुठं होते सांगू? सेक्शनच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडणाऱ्या याद्यांत, आणि 'टेस्टिंगला' म्हणून व्हेंडरच्या मुलाच्या लॅपटॉपवर गेलेल्या पूर्ण डेटात. टेस्टिंगला नावं आणि फोन नंबर बदललेला डेटा द्या.

करारावर तुमची सही नसेल, पण फाइल तुमच्या टेबलावरून जाईल तेव्हा दोन गोष्टी घाला. आपण सोडायचं ठरवलं तर सगळा डेटा, प्रत्येक खान्याच्या अर्थासह, उघडता येईल अशा साध्या स्वरूपात परत मिळेल. आणि शेवटचा हप्ता जुनी-नवी प्रणाली एक पूर्ण परीक्षाचक्र शेजारी शेजारी चालून निकाल जुळल्यावरच. साहेबांना पुढच्या सेमिस्टरपासून हवंय तर द्या की. नवीन ॲडमिशनची बॅच नव्या प्रणालीवर घ्या, जुन्या बॅच जुन्यावर संपू द्या, मागचा डेटा सावकाश चढवा. साहेबांचंही उद्घाटन होतं आणि तुमच्या गळ्याला फासही बसत नाही.

जुनं मशीन कंडेम करायला (भंगारात काढायला) स्टोअरवाले लगेच येतील. देऊ नका. नेटवर्कमधून काढा, फायली फक्त वाचता येतील अशा करा, आणि फॉक्सप्रोसकट त्याची व्हर्च्युअल मशीन (दुसऱ्या मशीनवर चालणारी हुबेहूब नक्कल) करून दोन ठिकाणी ठेवा.

या आठवड्यात एवढंच करा: ते चार आकडे काढा, आणि गुणांच्या कॉलममध्ये शंभराच्या वरचे कोणकोणते आकडे आहेत त्याची यादी करून तुमच्या सेक्शनच्या अक्कांसमोर ठेवा. अडलात तर मला फायलींचं स्ट्रक्चर पाठवा, बघून सांगतो. नुसतं स्ट्रक्चर हं, आत एकाही पोराचं नाव नको.